बरी आहे

लास क्रूसेसच्या बाहेर, पिकॅनच्या बागा संपतात
त्या चौकात तो लाल दिव्यातून आला
आणि माझ्या ब्यूइकचं मागचं दार आत ढकलून थांबला.
मागच्या सीटवर भाजलेल्या मिरच्यांचं पोतं होतं.
ते फुटलं. गाडीभर सप्टेंबरचा वास.

पोरगा उतरला. ओसिएल. वय एकोणीस असेल,
मिशी अजून ठरवत होती यायचं की नाही.
"लागलं का हो तुम्हाला?"
मी म्हटलं, बरी आहे.
असं म्हणायचंच असतं.
एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली,
तव्याला मनगट टेकलं तरी
रांगेतल्या पोरांना हेच सांगितलं.

त्यानं विम्याचा कागद दाखवला,
मार्चमध्येच मुदत संपलेला.
पोलिसानं तो उन्हात धरून पाहिला,
जणू मागून काही उमटेल,
आणि घडी घालून परत दिला.

मान तिसऱ्या दिवशी धरली.
पाहुण्यासारखी आली ती कळ, बॅगबिग घेऊन, राहायलाच.

मग फोन.
फोनमध्ये पियानो. एकच तुकडा,
तो कुठे खरखरतो हेसुद्धा पाठ झालं मला.
मग डार्ला. आवाज साखरेचा.
तिला एउफेमिया म्हणता येईना, म्हणून मी मिसेस लुसेरो.
संभाषण रेकॉर्ड होतंय, चालेल ना?
चालेल.
अपघाताच्या जागी तुम्ही म्हणालात, बरी आहे.
अहवालात तसं आहे.
हो, म्हणाले.
मग दुखायला नेमकं कधी लागलं?

मला आपलं वाटत होतं, ही माझ्याकडची बाई.
दर महिन्याच्या पाच तारखेला, सव्वीस वर्षं,
हिच्याच घरी माझे पैसे जात होते.
ज्यानं ठोकलं त्याचे खिसे रिकामे,
म्हणून आता माझं भांडण
माझ्याच पैशांशी.

पुढच्या फोनला ती म्हणाली, तुमच्या पॉलिसीत ते कलमच नाही.
समोरच्याचा विमा नसेल तर आपला कामी येतो, ते.
तुमच्याकडून नकार आलेला आहे. सहीनिशी. पाठवते.

सेलेडोनिओची सही.
'नको'च्या चौकोनात बरोबर मधोमध फुली,
खाली त्याचा तो 'सी', शेपटी वळवलेला,
गुरं पकडायचा दोर फेकावा तसा.
दोन हजार अकरा. महिन्याला नऊ डॉलरची बचत.

त्याचा फोटो मी पालथा घातला.
दोन दिवस तसाच.
मेलेल्या माणसाशी अबोला धरणं सोपं असतं,
तो मनवायला येत नाही.

तिसऱ्या रात्री मान उशीवर टेकेना,
उठून बसले, आणि आठवलं.
महिन्यातून एका शनिवारी तो मला मेसियाला न्यायचा.
दोन कॉफी, एक सोपापिया दोघांत,
मध माझ्या बाजूला जास्त.
पाकीट काढताना म्हणायचा,
"आज कंपनीचा खर्च."
मला वाटायचं, रेल्वेचं म्हणतोय,
तिथं नोकरीला होता ना.
नऊ डॉलर. टीप धरून.

हसले तर मानेतून वीज गेली.
फोटो सरळ केला. काय करणार.
वकिलाचं पत्र गेलंय, म्हणे बघू,
अर्जाचा नंबर अकरा आकडी आहे, तो मला झोपेतही येतो.

काल ओसिएल आला.
भंगारातून दार घेऊन, ब्यूइकचंच, पण हिरवं.
माझी गाडी पांढरी.
घाम पुसत दुपारभर खटपट केली त्यानं,
दार बसलं, फक्त दोनदा आपटावं लागतं.
पाण्याचा ग्लास परत देताना
खाली बघत विचारलं त्यानं, "आता कशी आहे मान?"

तोंडात तयारच होते ते दोन शब्द.
गिळले.
"दुखते," मी म्हटलं. "रात्री जास्त."
त्यानं मान हलवली,
आणि घट्ट असलेला बोल्ट
पुन्हा एकदा आवळत बसला.